नाथांच्या वाड्यातला रांजण

होळीची राख थंड होते न होते तोच वारकऱ्याच्या घरात दोन तिथींची गडबड सुरू होते. एक फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे तुकोबारायांची बीज. दुसरी फाल्गुन वद्य षष्ठी, म्हणजे श्री एकनाथमहाराजांची षष्ठी. बिजेला कुणी देहूला जातो, कुणी आपल्या गावीच कीर्तन उभे करतो. पण षष्ठीचे नाव निघाले की पाय पैठणकडेच वळतात. खांद्यावर पताका, गळ्यात वीणा, डोक्यावर तुळशीवृंदावन आणि मुखी 'भानुदास एकनाथ' हे भजन. गोदातीरावरचे ते गाव तीन दिवस माणसांनी फुलून जाते.

गावोगावी जत्रा असतात. ग्रामदैवताची पालखी निघते, पाळणे फिरतात, रेवड्या विकल्या जातात, कुस्त्या होतात. त्यात वाईट काही नाही. माणसाला वर्षातून एकदा आनंद हवाच. पण वारकरी जेव्हा एखाद्या संताच्या गावी जातो तेव्हा त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे, की आम्ही येथून काय घेऊन जाणार? प्रसादाची पुडी तर घेऊच. पण या गावाने, या तिथीने, या उत्सवाच्या चालीरीतीने आमच्या हाती जे ठेवले आहे ते आम्हाला दिसले का? षष्ठीच्या निमित्ताने आज त्याचाच थोडा विचार करू.

प्रथम तिथीच पाहा. बहुतेक संतांचा उत्सव म्हणजे त्यांच्या समाधीचा दिवस. नाथांची षष्ठी मात्र एकट्या नाथांची नव्हे. संप्रदायात तिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात. जनार्दनस्वामींचा जन्म या तिथीचा, त्यांच्यावर दत्तात्रेयांचा अनुग्रह झाला तो या तिथीला, नाथांना त्या गुरूची भेट आणि कृपा झाली ती या तिथीला, स्वामींनी देह ठेवला तो या तिथीला, आणि शके १५२१ मध्ये खुद्द नाथांनी गोदावरीत देह ठेवला तोही याच तिथीला, असे परंपरा मानते. पाच गोष्टी आणि तिथी एक! चरित्रकार सांगतात की नाथ स्वतः आपल्या वाड्यात गुरूची ही षष्ठी मोठ्या प्रेमाने करीत. म्हणजे आज आपण ज्याला नाथांचा उत्सव म्हणतो तो मुळात नाथांनीच मांडलेला गुरूचा उत्सव. आपला दिवस त्यांनी वेगळा ठेवलाच नाही. नावही वेगळे ठेवले नाही. अभंगाच्या शेवटी ते 'एका जनार्दनी' म्हणून सही करतात. स्वतःचे नाव आधी आले खरे, पण ते गुरूच्या नावाला टेकून उभे आहे.

यातून काय दिसते? घेतलेल्याचा हिशेब नाथांनी चोख ठेवला. आपल्याला जे मिळाले ते कुणाकडून मिळाले, हे ते एक दिवसही विसरले नाहीत.

हिशेब म्हटला की ती पैची गोष्ट आठवतेच. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. बारा वर्षांचा एकनाथ पैठण सोडून त्यांच्या पायाशी आला, तेव्हा स्वामींनी त्याला आधी समाधी लावायला बसवले नाही, दप्तराच्या कामाला बसवले. एके दिवशी हिशेबात एक पै चुकत होती. मुलगा रात्रभर दिव्यापुढे बसला. झोप नाही, भूक नाही. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाने त्याने टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन पाहू लागले. एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, मग जन्मोजन्मीची चूक सापडेल तेव्हा किती होईल, अशा अर्थाचे त्यांनी काही सांगितले आणि शिष्याची तयारी ओळखली. ही गोष्ट आपण कीर्तनात शंभरदा ऐकली आहे. पण ती मनात नीट ठेवा, कारण पुढे वाड्यातल्या रांजणापाशी तिचे काम पडणार आहे.

आता गाव पाहू. पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेली पेठ म्हणून या गावाचे नाव येते, आणि येथून मौल्यवान खडे त्या बंदराकडे जात असा उल्लेख आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ही संस्कृतात नव्हे, महाराष्ट्री प्राकृतात आहे. शेतकऱ्याच्या सुनेचे, गुराख्याचे, वाटसरूचे सुखदुःख त्या लोकभाषेत बांधलेले आहे. पैठणची पैठणी आजही लग्नघरी मानाची. असे हे गाव धनाने, विद्येने आणि कारागिरीने नांदलेले.

पुढे याच गावाला 'दक्षिण काशी' म्हणू लागले. वेदशास्त्रसंपन्न ब्रह्मवृंद येथे नांदत होता आणि धर्माचा निवाडा हवा असेल तर लोक पैठणकडे पाहत. शुद्ध कोण, अशुद्ध कोण, कुणाला पंक्तीला घ्यावे, कुणाला गावाबाहेर ठेवावे, याचा हिशेब येथे होई. आणि म्हणूनच तेराव्या शतकात चार लहान मुले या गावाच्या वाटेला लागली. संन्यास घेऊन पुन्हा संसारात परतलेल्या बापाची ती मुले. आईबापांनी देह टाकला तरी मुलांचा डाग गेला नाही म्हणतात. 'पैठणचे शुद्धिपत्र आणा' असे त्यांना सांगण्यात आले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई! ज्यांच्या चरणांची धूळ मिळावी म्हणून आज लाखो लोक आळंदीला जातात, त्यांना आपण शुद्ध आहोत असा कागद मागायला या गावी यावे लागले. पूर्वजांचे आपेगाव येथून हाकेवर. पण घरच्या माणसासारखे दार कुणी उघडले नाही. मग रेड्यामुखी वेद बोलविले ती कथा घडली. एवढा मोठा चमत्कार लागला, तेव्हा कुठे त्या मुलांना माणसांत घेतले गेले.

सज्जनहो, येथे जरा थांबू. रेडा वेद बोलला याचे आश्चर्य आपण करतो. पण मुलांना माणूस म्हणून ओळखायला शास्त्र्यांना रेड्याची साक्ष लागली, याचे आश्चर्य अधिक नाही का?

त्यानंतर सुमारे अडीच शतकांनी याच गावात, याच ब्रह्मवृंदात, एकनाथांचा जन्म झाला. पणजोबा भानुदास. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती पंढरीला परत आणणारे म्हणून त्यांचे नाव वारकरी आदराने घेतो. म्हणूनच नाथांच्या दिंडीत 'ज्ञानोबा तुकाराम' याच्या जोडीने 'भानुदास एकनाथ' हा घोष असतो. पोराचे आईबाप लहानपणीच गेले, आजाआजींनी वाढवले. देवगिरीहून तीर्थयात्रा करून नाथ परतले, गिरिजाबाईंशी संसार मांडला आणि गुरूच्या आज्ञेने पैठणातच राहिले. कुठे डोंगरात गेले नाहीत. ज्या गावाने ज्ञानदेवांना कागद मागितला त्याच गावात, त्याच शास्त्र्यांच्या शेजारी त्यांनी दार उघडे ठेवून बिऱ्हाड केले.

आणि काय केले त्यांनी? ज्ञानदेवांचे ऋण फेडले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. जवळजवळ तीनशे वर्षांत नकला होता होता तीत अपपाठ शिरले होते. नाथांनी पोथ्या मिळवल्या, ओवी ओवी तपासली आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आज आपण जी माउली वाचतो तिच्यामागे ही मेहनत आहे. एका पैसाठी रात्र जागवणाऱ्या हातांनीच हे काम व्हायचे होते! पुढे कुणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये अशी त्यांची ताकीद आहे. स्वतः कवी असून त्यांनी स्वतःचे त्यात काही मिसळले नाही. पैठणने एकदा ज्ञानदेवांना शुद्धिपत्र दिले होते. पैठणच्याच सुपुत्राने ज्ञानदेवांचा ग्रंथ शुद्ध करून ते ऋण असे वळते केले.

शास्त्र्यांना हे रुचले का? भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणला तेव्हा काशीपर्यंत बोलावणे गेले अशी कथा आहे. तो ग्रंथ शके १४९५ मध्ये काशीतच पुरा झाला आणि ज्या पंडितांनी विरोध केला त्यांनीच त्याचा गौरव केला असे सांगतात. आणि भारुडे? ती तर रस्त्यावरची. गोंधळी, वासुदेव, जोशी, भुत्या, जोगवा मागणारी बाई, विंचू चावलेला माणूस, जोहार घालणारा गावचा महार; गावात जो जो माणूस हिंडतो त्याच्या तोंडी नाथांनी वेदान्त घातला. दीड हजार वर्षांपूर्वी याच प्रतिष्ठानात लोकभाषेचा मान होता, मधल्या काळात तो हरवला, नाथांनी तो पुन्हा गावाच्या पदरात घातला.

पण ग्रंथापेक्षा गावाला बोचले ते त्यांचे वागणे. महीपतीबुवांनी 'भक्तलीलामृता'त या कथा विस्ताराने गायल्या आहेत. आम्ही नुसती आठवण देतो. दुपारचे ऊन, गोदेचे तापलेले वाळवंट, अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरचे पोर आईमागे धावता धावता पडलेले, पाय पोळताहेत. स्नानाहून परतणारे लोक अंग चोरून बाजूने जाताहेत, कारण स्पर्श झाला तर पुन्हा स्नान करावे लागणार. नाथांनी पोर उचलले, नाकडोळे पुसले, कडेवर घेऊन वस्तीत नेऊन पोहोचवले. श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वाटेने जाणाऱ्या गोरगरिबांना वास आला. गिरिजाबाईंनी आणि नाथांनी त्यांना बोलावून तेच अन्न वाढले. ब्रह्मवृंद रागावला, जेवायला आला नाही, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले. काशीचे गंगोदक कावडीने रामेश्वरी न्यायचे. वाटेत वाळूत गाढव तहानेने तडफडते आहे. नाथांनी कावड तेथेच त्याच्या तोंडी रिकामी केली. सोबतचे म्हणाले, आता अभिषेक कशाचा? नाथांच्या लेखी अभिषेक तेथेच पोहोचला होता.

घरातही हाच झगडा होता. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडील मराठीत पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्याला सोसेना. तो काशीला निघून गेला. परत आला तो वडिलांना अटी घालून. पुढे एका गरीब बाईने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता, पण ऐपत उरली नव्हती. एका नाथांना जेवू घातले की सहस्र पावले, असे तिला कुणी सांगितले. नाथ जेवले. हरिपंडित पत्रावळ उचलायला गेला तर खाली दुसरी पत्रावळ, ती उचलली तर तिसरी! मोजणारा मोजून थकला. तेव्हा त्या विद्वान मुलाला कळले की आपण ज्या मापाने बापाला मोजत होतो ते मापच तोकडे होते.

एवढे मनात ठेवून आता उत्सवाकडे चला.

पैठणला नाथांची दोन स्थाने. गोदेच्या काठी समाधीमंदिर, आणि गावात नाथांचा राहता वाडा, जेथे त्यांच्या पूजेतला विजयी पांडुरंग आहे. त्याच वाड्यात एक रांजण आहे. श्रीखंड्याची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? द्वारकेला एक ब्राह्मण देवदर्शनासाठी अनुष्ठान करीत बसला होता. त्याला दृष्टान्त झाला की मी येथे नाही, पैठणला एकनाथाच्या घरी पाणी भरतो आहे. तो धावत पैठणला आला. तोवर बारा वर्षे देव श्रीखंड्या नावाचा पोरगा होऊन नाथांच्या घरी राहिला होता. कावडीने गोदेचे पाणी आणून रांजण भरी, पूजेचे गंध उगाळी. ब्राह्मणाने विचारले, आणि श्रीखंड्या दिसेनासा झाला. नाथांच्या डोळ्यांना धारा लागल्या. बारा वर्षे देव घरात राबला आणि आपल्याला कळले नाही!

याची आठवण म्हणून तुकोबारायांच्या बिजेला त्या रांजणाची पूजा होते आणि तो भरायला आरंभ होतो. येणारा भाविक गोदेचे पाणी आणतो, रांजणात ओततो आणि पुढे सरकतो. बायामाणसे कळशी आणतात, पोरे तांब्या आणतात. कित्येक दिवस पाणी पडत राहते. आणि ज्याच्या घागरीने रांजण काठोकाठ भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देवच येऊन पाणी घालून गेला असे मानून त्याचा सत्कार होतो.

षष्ठीला दिंड्यांची गर्दी, पालखी, कीर्तनाचा गजर. सप्तमीला रात्रभर जागर. आणि अष्टमीला सूर्य मावळतीला आला की काल्याची हंडी फुटते. लाह्या, दही, ज्याने जे आणले ते एकात मिसळले जाते. मग प्रसाद, गळाभेट, आणि परतीची वाट. गोकुळात गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि कृष्णाने त्या एकत्र कालवल्या. कुणाची भाकरी कुणाच्या तोंडी गेली हे कुणी विचारले नाही, तोच हा काला. बीज ते अष्टमी, रांजणापासून हंडीपर्यंत, उत्सवाची वाट अशी आखलेली आहे. आरंभी सगळ्यांचे पाणी एका भांड्यात, शेवटी सगळ्यांचे अन्न एका भांड्यात.

आता एखादा चौकस श्रोता विचारील, "बुवा, बाकी सगळे खरे. पण ज्याच्या घागरीने रांजण भरला त्याला मान, आणि आधी हजारोंनी ओतले त्यांचे काय? त्यांना ना हार, ना नारळ!"

छान विचारलेत. याच प्रश्नात षष्ठीचे मर्म आहे. शेवटच्या घागरीने रांजण वाहिला हे खरे. पण तो वाहिला कशाने? पहिल्या दिवशी तळाशी जे पाणी पडले त्याने. कुठल्या म्हातारीच्या थरथरत्या हातातून निम्मे सांडून निम्मेच पडले, त्यानेही. ते पाणी नसते तर शेवटची घागर तळाला जाऊन गप्प बसली असती. रांजणात एकदा पडलेले पाणी वेगळे काढून हे माझे, हे तुझे असे कुणी दाखवू शकेल काय? सत्कार एकाचा होतो, तो खूण म्हणून. त्या एकाला देव मानायचे, कारण सगळ्या अनाम घागरी त्याच्या हाताने वाहिल्या. आणि स्वतः देवाने तरी काय केले? बारा वर्षे पाणी भरले आणि नाव सांगितले नाही. नाव कळले त्या क्षणी निघून गेला!

म्हणून ती पैची गोष्ट लक्षात ठेवा म्हटले. ज्या महापुरुषाने एका पैचा हिशेब सोडला नाही, गुरूचे पाच प्रसंग एका तिथीत जपले, ज्ञानेश्वरीची एक ओवी इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याच्याच अंगणात असे भांडे आहे की ज्यात कुणी किती घातले याची वही नाही. हा विरोध नव्हे, हीच नाथांची शिकवण. घेतल्याचा हिशेब पै-पैचा ठेवावा, दिल्याचा ठेवूच नये. आपण नेमके उलटे करतो. कुणाला काय दिले ते दहा वर्षे लक्षात राहते. कुणाकडून काय घेतले ते संध्याकाळी विसरतो. देवळाला फरशी दिली तर तिच्यावर नाव कोरतो. अन्नदान केले तर ध्वनिक्षेपकावर पुकारायला लावतो. पंगतीत कोण बसला, कोण कुठल्या आळीचा, याचा हिशेब मनात चालूच. पैठणच्या शास्त्र्यांना नावे ठेवणे सोपे आहे. तो शुद्धिपत्राचा कागद आपल्याही कनवटीला असतो, हे आपण तपासतो का?

नाथांनी वाळवंटातले पोर उचलले ते सोळाव्या शतकात. त्यांची षष्ठी त्यानंतर वर्षामागून वर्षे गाजत राहिली, ती गोष्ट हजारो कीर्तनांत सांगितली गेली, श्रोत्यांनी डोळे पुसले. आणि तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन जावे लागले. पंढरीच्या राउळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले, तेव्हा ते उघडले. नाथांनी कडेवर घेतलेल्या पोराच्या वंशाला विठोबाच्या पायापर्यंत पोहोचायला साडेतीनशे वर्षे लागली! कथा ऐकून डोळ्यांत पाणी येणे वेगळे आणि ते पाणी दुसऱ्याच्या घागरीत पडणे वेगळे. नाथांना दुसरे हवे होते.

आजचे पैठण पाहा. गावाच्या वरच्या अंगाला जायकवाडीचे धरण उभे आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. सुमारे १० किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे, सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी मावेल एवढा जलाशय. त्या जलाशयाचे नाव काय ठेवले? नाथसागर! धरणाला पुढाऱ्याचे नाव देण्याच्या काळात मराठवाड्याच्या या सर्वांत मोठ्या पाण्याला रांजणवाल्या नाथांचे नाव मिळाले. आम्हाला तर तो रांजणच मोठा झालेला दिसतो. छत्रपती संभाजीनगर शहर हेच पाणी पिते, कालव्यांच्या काठची शिवारे याच पाण्यावर हिरवी होतात.

पण रांजण मोठा झाला की भांडणेही मोठी होतात. वरच्या धरणांनी खाली किती सोडायचे, खालच्यांनी किती मागायचे, उसाला किती, पिण्याला किती, यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दुष्काळाच्या वर्षी कोर्टकचेऱ्या होतात. पाण्याच्या वाटपाला कायदा लागतो, मोजमाप लागते, ते असावेच. आम्ही त्या वादात न्यायाधीश होत नाही. एवढेच म्हणतो, की ज्याच्या नावाने तो सागर आहे त्याने आपले पाणी आधी कुणाला पाजले होते? ज्याच्यापाशी मागायला तोंड नव्हते त्याला. वरचा असो की खालचा, नाथांचे नाव घेऊन पाण्याशी भांडायला बसणाऱ्याने ते गाढव एकदा डोळ्यांपुढे आणावे.

आणि यात्रेकरूंनो, एक आपल्याशी. फाल्गुनात गोदेचे पात्र आधीच क्षीण झालेले असते. त्यात लाखो माणसे स्नान करणार, जेवणार, मुक्काम करणार. पात्रात साबण, निर्माल्य, जुने कपडे, प्लास्टिकच्या पिशव्या टाकून आपण परततो आणि म्हणतो गंगा पावली! रांजणात घालायचे पाणी जेथून आणायचे तेच आपण नासवले, तर देवाच्या घरी आपण काय भरले? आपली पत्रावळ आपण उचलावी. मुक्कामाची जागा झाडून निघावे. दिंडीचालकांनी दिंडीपुरते जरी हे मनावर घेतले तरी वाळवंट ओळखू येईल. ही फार मोठी साधना नाही, पण पै-पैचा हिशेब म्हणतात तो हाच.

कुणी म्हणेल, आम्ही म्हातारे झालो, पैठणला जाणे होत नाही, मग षष्ठी कशी करावी? अहो, नाथांच्या काळी सगळेच कुठे त्या वाड्यात मावत होते? घरीच हरिपाठ म्हणावा, एकनाथी भागवतातला एखादा अध्याय वाचावा, आणि त्या दिवशी एक घागर अशा दारी नेऊन ओतावी की जेथे पाणी नाही. घागर पाण्याचीच हवी असे नाही. शेजारच्या आजारी माणसाला दवाखान्यात नेणे ही घागर. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या ओट्यावर जाऊन बसणे ही घागर. पोराच्या शाळेची फी भरता न आलेल्या आईच्या हाती गुपचूप चार पैसे ठेवणे ही तर भरलेली घागर. फक्त एक पथ्य. ओतली की मागे वळून पाहू नये. रांजण किती भरला ते पाहायला नाथ बसले आहेत.

आणि येथून पुढे ज्येष्ठ वद्य सप्तमी येईल. नाथांच्या पादुका पालखीत बसतील आणि पैठणहून पंढरीची वाट धरतील. वाटेवरच्या गावांतल्या लेकीबाळी हंडे भरून रस्त्यावर उभ्या राहतात. कुठला वारकरी, कुठल्या जातीचा, कुठल्या फडाचा, कुणी विचारीत नाही. तांब्या पुढे करतात, माउली म्हणतात, पाणी देतात. ज्या गोदातीराच्या वाळूत एकदा अंग चोरून माणसे चालत होती, तेथून निघालेल्या पालखीला आज वाटेवर असे पाणी मिळते. हे नाथांचे यश. ते पुरे झाले असे मात्र समजू नका. रांजण अजून वाहिलेला नाही.

तो कुणाच्या घागरीने वाहील, कोण जाणे! कदाचित तुमच्याच. म्हणून सज्जनहो, या षष्ठीला रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि भरलेल्या हाताने परत येण्याची घाई करू नका. जनार्दनस्वामींच्या चरणी, भानुदासांच्या चरणी, शांतिब्रह्म एकनाथमहाराजांच्या चरणी आमचा दंडवत.

राम कृष्ण हरि!